आत्याच्या मागचा आवाज

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण भिवंडी तालुक्यातल्या, निदान आमच्या खाडीपट्ट्यातल्या मंडळींनी तरी पूर्ण वाचा. विषय घरचाच आहे आणि चूक माझी आहे.

मागच्या रविवारी गावात हळदीच्या विषयावर बैठक झाली. विषय नेहमीचेच. डीजे, त्याचं भाडं, जेवणावळी, पहाटेपर्यंतचा धिंगाणा, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत होणारी धडधड. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, पण आपल्याकडे दहा वाजता हळद सुरू होते, त्याला कायदा काय करणार! या वेळी मात्र बऱ्यापैकी एकमत झालं. मग एका तरुण पोराने, अगदी चांगल्या मनाने, सूचना मांडली. डीजे कमी करायचा तर हळदीची सुरुवात धवल्यांनी करू. धवलारीण आता मिळत नाही, पण दादाच्या आत्याचं रेकॉर्डिंग आहे ना! पेनड्राइव्हवर घेऊ आणि सगळ्या मांडवांत तेच लावू.

टाळ्या पडल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली आणि घरी आलो. त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या रेकॉर्डिंगमध्ये काय नाही हे गावात फक्त दोन माणसांना माहीत आहे. एक मी.

बाहेरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. आमच्या आगरी लग्नात पूर्वी धवलारीण लागायची. लग्नाचे विधी ही बाई गाण्यांतून लावायची. मांडव उभा राहण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं वेगळं गाणं, तेच धवले. पलीकडे वारल्यांकडेही लग्नाला धवलेरी असते, तीही बाईच. आणि हा शब्द मराठीत काल आलेला नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रचलेल्या लग्नगीतांनाही धवळेच म्हणतात. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव शाळेत ऐकलं असेल. परीक्षेपुरतं आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

माझी आत्या धवलारीण होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ती कधीच एकटी गायली नाही, हे महत्त्वाचं. तिच्या बाजूला काकी बसायची. सख्खी काकी नाही, शेजारची. आत्या ओळ टाकायची आणि ओळ पुरती संपायच्या आत काकी ती मागून उचलायची. शाहिराच्या मागे झीलकरी असतात ना, तसं काहीसं. फरक एवढाच की काकी नेमकी आत्याच्या सुरावर नसायची. थोडी खाली, थोडी उशिरा. त्या दोन आवाजांच्या मधे जे व्हायचं ते मला शब्दांत सांगता येत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. ज्यांनी फक्त माझा पेनड्राइव्ह ऐकलाय त्यांना कळणार नाही, आणि म्हणूनच ही पोस्ट.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण मी हे न कळून केलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

मी लूमच्या आवाजात वाढलो. वडिलांनी दोन गाळे लूमला भाड्याने दिले होते. शटलचे साधे लूम, सगळे एकदम चालू झाले की गाळ्यात माणसं हातवारे करून आणि ओठ वाचून बोलायची. कांड्या भरणारा उत्तर प्रदेशचा एक माणूस होता, तो बिरहा म्हणायचा. त्या खटखटीच्या वर आवाज काढून. शुक्रवारी लूम बंद असायचे. तो बाहेर बाजेवर बसून गायचा तेव्हाही त्याचा आवाज तेवढाच वर, तेवढाच फाटलेला. लहानपणी आम्ही हसायचो, समोर कोणी नाही तरी हा ओरडतो का? नंतर कळलं, लूमने त्याचा आवाज घडवलाय. लूम बंद झाले तरी आवाज खाली येत नाही.

कॉलेजात असताना एका मित्राने मला मडी वॉटर्सची कॅसेट भरून दिली. इंग्रजी शब्द अर्धे कळले नाहीत, पण आवाज लगेच कळला. अरे, हा तर आमच्या गाळ्यातला आवाज! तेव्हापासून मी ब्लूज ऐकतोय. घरच्यांच्या मते ते रडगाणं आहे. असेल. मुंबईत मेहबूब स्टुडिओत महिंद्राचा ब्लूज महोत्सव २०११ पासून सुरू झाला, त्यात एकदा बडी गायला प्रत्यक्ष ऐकलं. भिवंडी ते वांद्रे आणि परत, ट्रॅफिकसकट. वाजवता वाजवता तो आवाज इतका खाली आणतो की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा, आणि मग एकदम अंगावर येतो. तिथे कसली सफाई आणि कसला कच्चेपणा, प्रश्नच पडत नाही.

पण रेकॉर्डवर पडतो. ब्लूज-रॉक ऐकणाऱ्यांची यावर कायम भांडणं चालू असतात. आवाज खरखरीत हवा की घासूनपुसून? जो बोनामासासारख्याच्या रेकॉर्डवर गिटारची एक तारही मळलेली ऐकू येत नाही, म्हणून काहींना तो नको असतो. मला चालतो. व्हाइट स्ट्राइप्सने ‘एलिफंट’ (२००३) लंडनच्या टो रॅग नावाच्या छोट्या स्टुडिओत आठ ट्रॅकच्या टेपवर केला, कॉम्प्युटरला हात न लावता. ब्लॅक कीज ही दोनच पोरांची जोडी. त्यांनी अॅक्रन या त्यांच्या गावात, बंद पडलेल्या टायर कारखान्यात रेकॉर्डिंग केलं आणि अल्बमचं नावच ‘रबर फॅक्टरी’ (२००४) ठेवलं. आपल्याकडे बंद गाळ्यांची काय कमी आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढे त्याच जोडीने ‘एल कमिनो’ (२०११) चांगला चकचकीत केला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. जुने चाहते कुरकुरले, नवे नाचले.

मीही त्या कुरकुरणाऱ्यांतला होतो. खरखर म्हणजे खरं, असा माझा सरळ हिशोब होता. आणि तोच मी, आत्याला घेऊन स्टुडिओत गेलो.

२०१८ ची गोष्ट. आत्याचे गुडघे गेले होते, लग्नांना जाणं कमी झालं होतं. म्हटलं, आवाज धरून ठेवू. स्टुडिओ म्हणजे इमारतीतला एक फ्लॅट, भिंतींना फोम, एक एसी, हळदीची गाणी करून यूट्यूबवर टाकणारा एक हुशार पोरगा. त्याला नाव ठेवणार नाही, त्याचं काम त्याला चोख येतं. दोघी नऊवारी नेसून आल्या. त्याने दोघींना वेगळं बसवलं, मधे काच, कानावर हेडफोन. दोघींनाही गाता येईना. काकी म्हणाली, हिचा खांदा लागल्याशिवाय मना कलत नाय कुठं उचलायचं ते. मग शेवटी खाली चटईवर खांद्याला खांदा लावून बसवल्या, मधे एक माइक. गायल्या. पहिल्याच वेळी अशा गायल्या की तो पोरगाही मोबाइल बाजूला ठेवून ऐकत बसला.

मग त्याने ते कॉम्प्युटरवर लावलं आणि म्हणाला, दादा, प्रॉब्लेम आहे. दोन आवाज एकाच माइकात मिसळलेत, ट्यून करता येत नाही. दुसऱ्या आजी सुरात नाहीत. ताल पण पुढे-मागे होतोय, खाली ढोलकी-बेंजो भरता येणार नाही. मोठ्या आजींना एकट्यांना क्लिकवर घेऊ. दुसऱ्यांचं काढून टाकू का?

मी म्हणालो, काढ.

एवढाच शब्द. पाच सेकंदही विचार केला नसेल. तासाचे पैसे चालू होते, खोटं कशाला बोलू.

ट्यून करणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ऑटोट्यून नावाचं सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं. ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परत येणाऱ्या लहरींचं गणित करायचा. तेच गणित त्याने गळ्याला लावलं. गाणाऱ्याचा सूर पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी जी जवळची असेल तिच्यावर ओढून बसवायचा. बेसूर गाणाऱ्याला वरदानच. पण जो सूर मुद्दामच दोन पट्ट्यांच्या मधे ठेवलेला असतो, त्याचं काय? ब्लूजमध्ये तिसरा सूर धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो, तिथेच सगळी गंमत असते. आत्याचे निम्मे सूर तिथे राहायचे. यंत्राला ती चूक दिसते. आपल्याकडे हे भांडण फार जुनं आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवरच बंदी घातली होती, आपला सूर तिच्या पट्ट्यांत बसत नाही म्हणून. ती १९७१ पर्यंत चालली. तेव्हा पट्टीला बाहेर ठेवलं होतं, आता पट्टीबाहेरच्या माणसाला बाहेर ठेवतात. बंदीही अतीच होती म्हणा, पेटीशिवाय आपलं भजन तरी झालं असतं का?

तर आत्याला एकटीला कानात टकटक लावून पुन्हा गायला लावलं. तिसऱ्या वेळी जमलं. पंधरा दिवसांनी गाणं आलं. खाली बेंजो, ढोलकी, वर बासरी. मी फोनवर तिला ऐकवलं. ती अर्धा मिनिट ऐकत राहिली आणि म्हणाली,

“कोन रं ही बाय? बरी गातंय.”

तूच आहेस सांगितल्यावर खूप हसली. तो घुमारा तिला आवडला, हे लपवणार नाही. देवळात गायल्यासारखं वाटतंय म्हणाली. म्हणजे सफाईवर तिचा राग नव्हता, राग माझ्यासारख्या कॅसेटी ऐकलेल्यांना येतो. मग तिने पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी डोकं कलतं करून ऐकू लागली, कोणीतरी दारात येणार असल्यासारखं. “आनि ती?” मी म्हटलं, काकीचा आवाज मिळत नव्हता. तिने फोन माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला उठली. पुन्हा कधी लाव म्हणाली नाही.

मला त्या दिवशी मडी वॉटर्सची गोष्ट आठवायला हवी होती. १९४१ साली अॅलन लोमॅक्स अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मिसिसिपीत गाणी मुद्रित करत फिरत होता. स्टोव्हॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका माणसाच्या घरी त्याने यंत्र मांडलं. तो माणूस म्हणजे मडी वॉटर्स. आपलाच आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते त्याला तेव्हा कळलं, आणि आपण हे करू शकतो असं वाटलं. लोमॅक्सने त्याला रेकॉर्डच्या दोन प्रती पाठवल्या. १९४३ मध्ये तो शिकागोला निघून गेला. तिथल्या बारच्या गोंगाटात साधी गिटार कोण ऐकणार? म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार धरली, म्हणजे आमच्या बिरहावाल्यासारखंच. १९५८ मध्ये तीच गिटार घेऊन इंग्लंडला गेला, तर तिकडच्या काही रसिकांना ते फार कर्कश वाटलं. त्यांना मळ्यावरचं जुनं, शांत गाणं हवं होतं. आज आपण ज्याला अस्सल म्हणतो ते तेव्हा काहींना बिघडलेलं वाटलं होतं. त्यामुळे ‘पूर्वीचं ते खरं, आताचं ते खोटं’ असं मी या पोस्टमध्ये म्हणत नाहीये, कृपया कमेंटमध्ये तसं भांडू नका. प्रल्हाद शिंदेंचा तो उघडा, टिपेला जाणारा आवाज आपल्या प्रत्येक गावच्या स्पीकरवर वाजलाय, आणि ‘सैराट’ची गाणी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत भल्यामोठ्या वाद्यवृंदाला घेऊन झाली, त्यावरही आपण सगळे बेभान नाचलोय. मीही नाचलोय, व्हिडिओ आहेत.

पण मडी वॉटर्सने यंत्रातून स्वतःला ऐकलं आणि ओळखलं. आत्याने ऐकलं आणि विचारलं, ही कोण. ब्लॅक कीजना कधी चकचकीत व्हायचं, कधी कारखान्यात जाऊन बसायचं, हे त्यांचं ते ठरवतात. आत्याच्या आणि काकीच्या बाबतीत ते मी ठरवलं, आणि एकदाच ठरवलं.

२०२१ मध्ये आत्या गेली. त्यानंतर मी स्टुडिओत जाऊन त्या पहिल्या, चटईवरच्या रेकॉर्डिंगबद्दल विचारलं. हार्ड डिस्क भरली की कच्च्या फायली उडवतात. त्याच्याकडे फक्त तयार गाणं होतं. माझ्याकडेही तेच. मी त्या दिवशी पेनड्राइव्ह नेला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. मोबाइलवर जरी घेतलं असतं...

आणि काकी. ते तयार गाणं एका लग्नात लावलं होतं, मी तिथेच होतो. काकी हातात हळदीची वाटी घेऊन मांडवात उभी. स्पीकरवर आत्याची ओळ आली. काकीने सवयीने उचलली. तिची तोंडाची ओळ पुरी व्हायच्या आत स्पीकर पुढच्या ओळीवर गेला, तो कशाला थांबतोय, खाली क्लिक आहे. काकीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती गप्प राहिली आणि नवरीच्या पायांना हळद लावायला खाली वाकली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला तिच्याकडे बघवेना, मी जेवायला जाऊन बसलो.

म्हणून बैठकीत टाळ्या पडल्या तेव्हा मला काय वाटलं असेल ते समजून घ्या. ते गाणं सगळ्या मांडवांत वाजायला लागलं की दहा वर्षांनी आमचे धवले म्हणजे एकाच बाईने, बेंजोच्या ठेक्यावर, पेटीच्या पट्टीत गायचं गाणं, असंच पोरांना वाटणार. त्यांची काय चूक? मी तो पेनड्राइव्ह देणार नाही. पुढच्या बैठकीत माझं म्हणणं मांडीनच, पण इथे आधी सांगतो. आपल्या तालुक्यात अजून काही गावांत गाणाऱ्या आज्या आहेत. काल्हेर, अंजूर, खारबाव, पडघा, कुठेही असतील. त्यांना स्टुडिओत नेऊ नका. त्यांच्याच ओटीवर जा, त्यांची जोडीदारीण सोबत बसवा, मधे मोबाइल ठेवा आणि गप्प बसा. मागे कोंबडा आरवला, कुकर शिटी मारला, चालेल. ती फाइल कोणाच्या तरी तीन-चार ठिकाणी जशीच्या तशी ठेवा, कोण पुढे गातंय, कोण मागे, गाव कुठलं, तारीख काय, ते लिहून ठेवा. मग मांडवात वाजवायला त्याची काय सजावट करायची ती खुशाल करा, बेंजो भरा, घुमारा द्या. आधी ती फाइल बाजूला ठेवा एवढंच.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकीकडे गेलो. ऐंशीच्या घरात आहे. सगळं सांगितलं, काढ मी म्हणालो होतो हेही सांगितलं. तिला ते माहीतच होतं. त्या दिवशी स्टुडिओत ती बाहेरच्या खुर्चीत बसली होती, दार उघडंच होतं. मी म्हटलं, काकी, आज तू गा. ती म्हणाली, “मी पुढं नाय गात. मी मागंच.” मी फोन चालू करून तिच्यासमोर ठेवला.

तिने मांडीवर हाताने ठेका धरला आणि गप्प बसली. मला वाटलं आठवत नाहीये. मग एकदम मधूनच उचललं, एक ओळ गायली आणि परत गप्प. पण हात चालू. तेव्हा लक्षात आलं, आत्याची ओळ तिच्या मनात चालली होती. ती संपत आली की ही उचलायची. अकरा मिनिटं असं चाललं. घरामागे गोदाम झालंय, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचा टींटीं आवाज दोन वेळा आलाय त्यात.

घरी येऊन मी एक उद्योग केला. काकीच्या गप्प राहण्याच्या जागी आत्याचं स्टुडिओतलं गाणं बसतंय का ते बघितलं. लॅपटॉपवर दोन्ही लावलं. नाही बसत. काकीने सोडलेली जागा मोठी आहे, आत्याच्या क्लिकवरच्या ओळी तिच्यापेक्षा लहान आहेत. एकही ओळ बसत नाही.

फाइल तशीच ठेवली आहे. कोणाला हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, काकीला विचारून पाठवतो.